आण्णासाहेबांचं तिकीट

खाजाभाईंच्या टेलरिंगच्या दुकानात पाऊल ठेवताच तिघांनी उठून आण्णासाहेबांचा हात हातात घेतला, तेव्हा आण्णासाहेबांना वाटलं, आपल्या घरातलंच कुणीतरी गेलं आणि आपल्यालाच शेवटी कळतंय. तसं काही नव्हतं. जयवंत हिंगमिरे पुण्याच्या एका दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होते, एवढंच.

"अभिनंदन, आण्णा," खाजाभाई म्हणाले. "औंदा खुर्ची तुमची."

अणदूरला हायवेच्या कडेला असलेल्या या दुकानात गेली वीसेक वर्षं एक खेळ चालतो. त्याचं नाव 'तिकीट'. दर गुढीपाडव्याला चारही खेळाडूंनी एकेका नामवंत माणसाचं नाव घ्यायचं आणि ज्याचा माणूस पुढच्या पाडव्याच्या आत देवाघरी जाईल तो जिंकला. लिहून ठेवायची पद्धत नाही. रेवणसिद्ध हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. ते एखादं वापरलेलं तिकीट हातात घेतात, नाव मोठ्यानं उच्चारतात आणि जुन्या चिमट्यानं त्याला भोक पाडतात. कट् असा आवाज झाला की नाव पक्कं. माणूस गावातला नको, नात्यातला तर नकोच, हा नियम मागाहून झाला. एका पाडव्याला रेवणसिद्धांनी माजी सरपंचांचं नाव घेऊन चिमटा दाबला आणि सरपंच नेमके पायजम्याचं माप द्यायला दारात येऊन उभे होते.

बक्षीस म्हणजे खुर्ची. बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजच्या मालकाची ती खुर्ची खाजाभाईंनी शिलाईच्या बदल्यात मिळवलेली. लाल रेक्झिन, आत मऊ फोम, हात टेकायला रुंद लाकूड. जिंकणाऱ्यानं तिच्यावर बसायचं आणि बाकीच्यांनी बाकड्यावर. वर्षभरात कुणीच गेलं नाही तर खुर्ची आहे त्याच्याकडेच राहते. बाकड्याची एक फळी मधोमध वर आलेली आहे आणि आण्णासाहेब पहिल्या दिवसापासून त्या फळीवर बसत आलेले आहेत. निवृत्त ग्रामसेवक असल्यामुळे गैरसोयीची त्यांना सवय होती, पण कमरेला नव्हती.

बाकीच्यांच्या आपापल्या विद्या होत्या. खाजाभाई टीव्हीवर फक्त कॉलर बघायचे. कॉलर आणि मान यांच्यात दोन बोटं शिरतील एवढी फट पडली की त्यांच्या हिशेबानं गिऱ्हाईक वर्षाच्या आत गेलंच. समोरच्या खानावळीच्या इरम्मा या खेळात न बोलावता शिरल्या. एकदा चहा द्यायला आल्या असताना टीव्हीवर पंगतीत जेवताना दिसलेल्या एका बड्या गवयाविषयी त्या सहज म्हणाल्या, "ताटातलं गोड बाजूला सारतंय बघा त्यो. दिवाळी न्हाय बघायचा." गवई दसऱ्यालाच गेला. तेव्हापासून सगळ्यांत जास्त वेळा खुर्ची इरम्मांकडे आली होती, आणि आत्ताही होती. रेवणसिद्ध एकदाच जिंकले, तेही तीन दिवसांपुरतं. त्यांचा पैलवान गेल्याची बातमी आली, त्यांनी खुर्चीवर बसून सगळ्यांना जिलेबी चारली आणि चौथ्या दिवशी पैलवान टीव्हीवर येऊन म्हणाला की मी ठणठणीत आहे. रेवणसिद्ध मुकाट्यानं बाकड्यावर आले. जिलेबीचा विषय ते अजूनही काढतात.

आण्णासाहेबांची गंमत वेगळीच. त्यांनी ज्याचं तिकीट काढलं तो माणूस सुधारायचा. अंथरुणाला खिळलेल्या एका उद्योगपतीचं नाव त्यांनी घेतलं, तर त्यानं श्रावणात तिसरं लग्न केलं. अशी पाच-सहा माणसं बरी करून झाल्यावर ते हिंगमिऱ्यांवर आले आणि चौदा वर्षं तिथंच राहिले.

हिंगमिरे म्हणजे मराठी पडद्यावरचा नामांकित खलनायक. आण्णासाहेबांनी लहानपणी त्यांना याच टुरिंग टॉकीजच्या पडद्यावर विधवेची गाय सोडून नेताना पाहिलं होतं आणि पायातली चप्पल फेकून मारली होती. चप्पल परत मिळाली नाही आणि घरी त्यावरून जो मार बसला त्याचा राग हिंगमिऱ्यांच्या खात्यावर जमा झाला. "ह्यो मेल्याबिगर मला खुर्चीची चव लागायची न्हाय," असं ते दर पाडव्याला म्हणत. त्यांना हिंगमिऱ्यांचा प्रत्येक संवाद पाठ होता, ही गोष्ट त्यांच्या पत्नी सारजाबाईंखेरीज कुणाला माहीत नव्हती. सारजाबाईंना माहीत होती, कारण आण्णासाहेब अंघोळ करताना ते म्हणत.

तर अशी चौदा वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती. खाजाभाईंनी खुर्चीला नवीन रेक्झिन लावायचं ठरवून मापही घेतलं. रेवणसिद्ध दर अर्ध्या तासानं मोबाईलवर तब्येत बघत होते. आण्णासाहेब हसले, चहा प्यायले आणि घरी येऊन भाकरी तशीच ठेवून भिंतीकडे तोंड करून पडले.

सारजाबाईंनी कारण विचारलं. त्यांनी पित्ताचं सांगितलं.

"पित्त न्हाय त्ये," सारजाबाई म्हणाल्या. "त्यो हिंगमिऱ्या चाललाय म्हणून तुमचं तोंड उतरलंय. गेल्या साली माझं गुडघ्याचं आपरेशन झालं, तवा तर दोन्ही टायमाला जेवत होता."

आण्णासाहेबांनी गोधडी डोक्यावर ओढली. माणूस गेला तर शिव्या कुणाला द्यायच्या, पाडव्याला नाव कुणाचं घ्यायचं, आणि मुख्य म्हणजे आपण चौदा वेळा बोललो ते वर कुणी ऐकलं तर नसेल, या विचारानं त्यांना घाम फुटला. दुपारी कुणी बघत नाहीसं पाहून ते खंडोबाच्या देवळात गेले.

देवळात चिटपाखरू नव्हतं, त्याचं त्यांना बरंच वाटलं. डोळे मिटून, हात जोडून त्यांनी नवस बोलला. देवा, त्या माणसाला उठव, मी तुझी तळी उचलेन. एवढ्यानं भागेल असं वाटेना, म्हणून घसा खाकरून त्यांनी पुढचं सांगितलं. खुर्ची सोडली, देवा. जिंकलो तरी जन्मात तिच्यावर बसणार नाही. बोलून झालं आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढं मोठं दान त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

अंगण झाडणाऱ्या सिताबाई झाडू टेकून उभ्या होत्या. "आण्णा, कुणाला सांगताव? देव न्हाय हितं. पौष चाललाय, देव नळदुर्गाला हाय."

अणदूरचा खंडोबा दरवर्षी काही दिवस नळदुर्गला राहायला जातो, हे अणदूरच्या पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. देवाला निरोप द्यायला आण्णासाहेब स्वतः पालखीबरोबर वेशीपर्यंत चालत गेले होते. नवस पोचला असेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"साहेब दौऱ्यावर असल्यावर कचेरीत अर्ज दिला तर पोचतो व्हय? तुमीच सांगा, तुमी ग्रामसेवक," सिताबाई म्हणाल्या आणि झाडायला लागल्या.

आण्णासाहेबांनी नळदुर्गचं वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप, पकडलं. देवासमोर गर्दी होती. भंडारा उधळला जात होता. त्यांनी मोठ्यानं येळकोट केला, सगळा नवस पहिल्यापासून पुन्हा सांगितला, खुर्चीचा भाग तर दोनदा सांगितला, आणि डोळे उघडले तर शेजारी नारळ घेऊन इरम्मा उभ्या.

दोघंही ओशाळली. "माझी खुर्ची जाईल म्हणून आलेय मी," इरम्मा घाईनं म्हणाल्या. "त्याच्यासाठी न्हाय काय." तेवढ्यात खांबाच्या पलीकडून रेवणसिद्ध निघाले. कपाळभर भंडारा होता आणि सहज फिरायला आलोय म्हणत होते. तिघं एकाच वडापमधून परत आली आणि वाटेत तीन दिशांना बघत बसली. गावात पोचतात तो खाजाभाई दुकानाचं कुलूप काढत होते. धाराशिवला अस्तराचं कापड आणायला गेलतो म्हणाले, पण हातात कापड नव्हतं आणि टोपीवर दर्ग्यातल्या गुलाबाच्या पाकळ्या होत्या.

एवढ्या दिशांनी धरल्यावर माणूस जाणार कसा? आठवड्याच्या आत हिंगमिरे उठून बसले. इथंच सगळं मिटायचं, पण आण्णासाहेबांच्या मुलानं, कुलदीपनं, नळदुर्गच्या गर्दीत कुणीतरी काढलेला वडलांचा व्हिडिओ मिळवला आणि सगळीकडे पाठवला. पिवळ्याधमक चेहऱ्याचे, रडवेले आण्णासाहेब देवाला हिंगमिऱ्यांचं आयुष्य मागतायत, एवढाच तो व्हिडिओ; खुर्चीचं पुढचं बोलणं त्यात आलं नव्हतं. तो फिरत फिरत पुण्याला दवाखान्यात पोचला. हिंगमिऱ्यांनी तो पाहिला आणि हिंडूफिरू लागल्यावर त्यांचा निरोप आला की या माणसाला भेटायला मी स्वतः येतोय.

गाव हरखलं. चौघांची मात्र पाचावर धारण बसली. चौदा वर्षं कट् कट् आवाज साऱ्या गावानं ऐकला होता. रेवणसिद्ध घरोघर जाऊन तिकिटाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही असं बजावून आले, त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही माहीत झालं.

फाल्गुनात हिंगमिरे आले. पडद्यावर दार फोडून आत येणारा माणूस काठी टेकत, पायरीवर दम खात आत आला. त्यानं आण्णासाहेबांना मिठी मारली. आण्णासाहेब बावरून उभे. दुकानात टेकायला धड एकच जागा होती. इरम्मा खुर्चीवरून उठल्या. जिंकल्याशिवाय कुणी तिच्यावर बसल्याचं आजवर घडलं नव्हतं. हिंगमिरे ऐसपैस बसले, त्यांनी लाकडी हातांवर पंजे टेकले आणि मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते उठले.

"नाही, आज या खुर्चीचा मान यांचा. या आण्णासाहेब, बसा."

आण्णासाहेब मागे सरकले. नको म्हणाले. हिंगमिऱ्यांनी आग्रह केला, जमलेल्या लोकांनी केला, कुलदीपनं मोबाईल वर धरला. बसावं तर नवस मोडतो, न बसावं तर पाहुण्याचा अपमान, आणि कारण सांगावं तर त्याहून पंचाईत. शेवटी हिंगमिऱ्यांनी हात धरून ओढलं तसे ते बाकड्याला दोन्ही हातांनी धरून बसले.

सिताबाईंकडून नवसाचं सगळं कळलेल्या सारजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना हे बघवेना. "अवं, सोडा त्यास्नी. नवस बोललेत त्ये, खुर्चीवर बसणार न्हाय म्हणून. चौदा वर्सं तुमी मरावं म्हणून तुमचं तिकीट काढतेत आन् मराया लागला तर देवाच्या पाया पडत सुटले."

हिंगमिऱ्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. आण्णासाहेबांनीही मान खाली घालून सगळं सांगितलं. खेळ, चिमटा, चप्पल, गाय. "म्या तुमाला लई शिव्या दिल्या, साहेब," ते म्हणाले. "पण तुमी जाऊ नये असं वाटलं. मनापासनं वाटलं."

हिंगमिऱ्यांनी एकच विचारलं, "आण्णासाहेब, आजवर तुम्ही ज्यांची तिकिटं काढलीत, त्यांतलं कोण कोण गेलं?"

रेवणसिद्धांनी आठवून पाहिलं. खाजाभाईंनी बोटांवर मोजलं. "एक बी न्हाय," इरम्मा म्हणाल्या. "त्या वर्सात तर कुणीच न्हाय. ह्यांचा हातच तसला हाय."

तेव्हा हिंगमिरे असे हसले की हायवेवरचे लोक आत डोकावले. तेच ते गाय सोडून नेतानाचं हसू. आण्णासाहेबांच्या अंगावर काटा आला आणि फार आनंद झाला. निघताना हिंगमिऱ्यांनी त्यांच्या हातात कोऱ्या कोल्हापुरी चपलांचा जोड ठेवला. तो त्यांनी स्वतःच्या पायातून काढून ठेवला होता, हे ते मोटारीत अनवाणी बसले तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं. "पाडव्याला विसरू नका," ते काचेतून म्हणाले. "माझं तिकीट तुम्हीच काढायचं."

पाडव्याला दुकानात हिंगमिऱ्यांचा फोन सकाळी लवकरच आला. खाजाभाईंनी तो स्पीकरवर टाकला. वर्षात कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे खुर्ची इरम्मांकडेच होती. आण्णासाहेब कोल्हापुरी चपला घालून वर आलेल्या फळीवर बसले होते आणि रेवणसिद्धांनी चिमटा उचलला होता. एवढ्यात नवं लुगडं नेसून, दुखरा गुडघा सांभाळत सारजाबाई दुकानाची पायरी चढल्या. एवढ्या वर्षांत त्या पाडव्याला पहिल्यांदाच इथं आल्या होत्या.

"माझं काढा," त्या म्हणाल्या.

कुणाला समजेना.

"तिकीट वं. परक्या माणसाला चौदा वर्सं जगवलंत. घरच्याला कधी जगवायचं?"

रेवणसिद्धांनी नियम काढला. नात्यातलं चालत नाही. आणि एकाला एकच तिकीट. आण्णासाहेब एकदा फोनकडे बघत, एकदा सारजाबाईंच्या गुडघ्याकडे. शेवटी फोनमधूनच तो भारदस्त आवाज आला.

"आण्णासाहेब, वहिनींचं काढा. माझं मी बघतो."

आण्णासाहेबांनी रेवणसिद्धांच्या हातून तिकीट आणि चिमटा दोन्ही घेतले. "सारजाबाई आण्णासाहेब," त्यांनी खणखणीत आवाजात नाव घेतलं आणि कट् केलं. सारजाबाईंनी ते तिकीट निरखून पाहिलं, कंबरेच्या पिशवीत ठेवलं आणि त्या आण्णासाहेबांच्या शेजारी बाकड्यावर बसल्या.

"फक्त एक विनंती आहे," फोन म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "माझं नाव त्या इरम्माबाईंना तेवढं घेऊ देऊ नका."

इरम्मांनी लाल खुर्चीत पाय वर घेतले. त्यांनी अजून कुणाचंच नाव सांगितलेलं नव्हतं. त्या फोनकडे वाकल्या आणि त्यांनी विचारलं, "गोड खाताव का न्हाय, साहेब?"

"आज श्रीखंड खाल्लं," हिंगमिरे तत्परतेनं म्हणाले. "दोन वाट्या."