आर्डिथचे तीन इंच

वर्षानुवर्षं एकाच फळीवर असलेली दालचिनीची बरणी आर्डिथच्या हाताला लागेना. तिनं टाचा उंचावल्या, हात ताणून पाहिला आणि शेवटी नवऱ्याला विचारलं, “व्हर्लिन, फळी वर चढवलीस का रे?”

“मी कशाला चढवू? तूच खाली आली असशील,” व्हर्लिन पेपरातून डोकं न काढता म्हणाला. म्हणून झाल्यावर त्यालाच ते खटकलं.

आयोवातल्या त्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर सगळ्यांच्या उंचीच्या पेन्सिलखुणा होत्या. मुलांच्या तर होत्याच, पण सर्वांत जुनी खूण नव्या नवरीची होती: सव्वात्रेसष्ट इंच. व्हर्लिननं बायकोला पुन्हा तिथं उभं केलं. भरली पावणेबासष्ट.

वजाबाकी त्यानं चौकटीवरच मांडली. एका पावातून तीन पाव जाईनात, तेव्हा त्रेसष्टातला एक उसना घेतला. उसना एक म्हणजे दहा, हे शाळेपासून पाठ. झाले अकरा पाव. तीन गेले, उरले आठ, म्हणजे दोन इंच. बासष्टातून एकसष्ट गेले, आणखी एक.

“तीन इंच,” तो म्हणाला. बायको अशी इंचाइंचानं संपत चालली आणि आपल्याला पत्ता नाही. रडणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं हत्यारांची पेटी काढली.

आधी भिंतीवरची कपाटं तीन इंच खाली आली. मग त्यांच्याखाली कॉफीच्या यंत्राचं झाकण उघडेना, म्हणून ओटाही तीन इंच खाली घेतला. मग शेजारची शेगडी चौथऱ्यासारखी वर राहिली आणि भांडी घासताना सहा फुटी व्हर्लिनची कंबर धरली. न्हाणीघरातला आरसाही त्यानं सोडला नाही. दाढी करताना त्याला स्वतःचा फक्त गळा दिसे.

“कशाला हा खटाटोप?” आर्डिथ म्हणाली.

“तू ताणू नकोस. हात पोचला म्हणजे झालं.”

रविवारी मुलगी जनेल जेवायला आली. स्वयंपाकघर पाहून ती दारातच थबकली. आईनं सगळं सांगितल्यावर तिनं चौकटीवरचं गणित वाचलं.

“बाबा, एका इंचात पाव किती?”

“चार.”

“मग उसन्या इंचाचे दहा कसे झाले?”

जनेलनं पेन्सिल घेतली आणि खाली नवा हिशेब मांडला.

“एक आणि चार, पाच पाव. तीन गेले, दोन उरले. आई दीडच इंच कमी झालीय. या वयात होतंच तेवढं.”

व्हर्लिन मटकन खुर्चीत बसला. एवढं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. “उद्याच सगळं दीड इंच वर घेतो.”

“राहू दे आता,” आर्डिथ बटाटे कुस्करत म्हणाली. “उरलेलं दीड इंच येईन की मीच खाली.”

जनेल हसली. व्हर्लिन हसला नाही. उठून त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला.

“दीड नाही. पुरे तीन इंच वर नेतो, होतं तिथं. तुला खाली यायला जागाच ठेवत नाही.”

“आणि वरचं काढू कसं मी?”

“मला हाक मार,” व्हर्लिन म्हणाला आणि पहिला स्क्रू सैल करू लागला.