बकारामजींच्या चुन्याच्या रेघा

खोली मागायला आलेल्याला बकारामजी नाव-गाव विचारत नसत. पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच : "झोपीत लोयता काय?"

मी लोळतो. पण यवतमाळात खोली शोधून पाय मोडले होते, म्हणून "नाही" म्हणालो. ते पाप पहिल्याच सकाळी उघडं पडलं. "बाबू, तुमचा डावा पाय पोष्टातल्या भाऊच्या हद्दीत गेला!"

हद्द म्हणजे खरीच हद्द. कापसाच्या जिनात जन्म घालवून या एकट्या जिवानं घर बांधलं, मोठ्या खोलीत भाडेकरू ठेवले आणि नगरपालिकेचं लायसन काढलं. माणसामागे ठरलेली जागा हवी; जास्तीचा माणूस सापडला की लायसन रद्द. हा नेम बकारामजींनी जमिनीवर चुन्यानं आखूनच टाकला होता. सहा माणसं, सहा चौकटी. लायसन काचेत मढवून दारावर, त्याला झेंडूचा हार!

"नेम म्हंजे नेम," ते बोट ठेवून सांगत. "पाहा, याच्यात आडनावाचा नेम हाय का कुठी?"

बाकीचे घरमालक आधी आडनावच विचारत. नागपूरला दीक्षा घेऊन आलेल्या बकारामजींना हे चांगलं ठाऊक होतं.

एका दुपारी ते ओरडतच आले, "उद्या तपासनीले साहेब येऊन राह्यले!" झालं! कोणी भिंतींना चुना, कोणी खिडक्यांना तेल. त्या धांदलीतच महागावकडचा एक नवा मास्तर ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. आडनाव ऐकून गावानं त्याला दारोदार फिरवलं होतं.

"बकारामजी, सातवा बसत नाही," मी घाबरून म्हणालो. "लायसन गेलं तर आपण सगळेच रस्त्यावर!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मास्तर, झोपीत लोयता काय?"

"नाही जी."

"मंग या."

सकाळी साहेब आले. मोठ्या खोलीत सहा मोजले. मग बकारामजींची स्वतःची झोपायची लहान खोली उघडली, तर आत मास्तर!

"हा सातवा कसा?"

"एका मानसाची जागा हाय, साहेब. मोजा."

साहेबांनी टेप लावला. माप बसलं!

"मग तुम्ही कुठं झोपता?"

"मी मालक. माप भाडेकऱ्याले लागते, मालकाले कायले?"

साहेब हसले आणि लायसनावर सहाचे सात केले. पोष्टातल्या भाऊनं बादली बडवली. मी आनंदानं ओसरीवर धावलो आणि थबकलो. कोपऱ्यात चुन्याची एक अरुंद चौकट होती, तिच्यात बकारामजींची घोंगडी. शेजारी दुसरी चौकट, ऐसपैस, रिकामी.

"ही कोणाची?"

"येईन कोनी," ते म्हणाले. "मी जिनात लागलो तवा या गावात मले ओट्यावरबी कोनी टेकू देल्लं नव्हतं."

मी नकळत त्या रिकाम्या चौकटीकडे एक पाऊल टाकलं.

ते एकदम खेकसले, "पाय मांगं घ्या, बाबू. चुना ओला हाय अजून."