इंजिनाच्या दिव्यावरची टिकली

धर्मराजच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागून दोन महिने झाले होते. मेकॅनिककडे जाण्याऐवजी त्याने बायकोच्या, सुरेखाच्या पाकिटातली मोठी टिकली काढली, दिव्यावर चिकटवली आणि विषय संपवला. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण मंठ्याच्या मेव्हण्याच्या, बद्रीनाथच्या टेम्पोत तसाच दिवा लागला तेव्हा हा उपाय त्याने फोनवरून त्यालाही सांगितला. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्या घराची रीत.

मे महिन्यात एका सकाळी मंठ्याहून फोन आला. सुरेखाचे वडील, सर्जेराव अण्णा, पहाटे गेले. ऊन फार, म्हणून बाराला उचलायचं ठरलं होतं. सुरेखाला अण्णांचं तोंड एकदा बघायचं होतं, बाकी काही नको होतं. जुन्या जालन्यातून अण्णांच्या बहिणीला, द्वारकाआत्याला घेऊन ते नऊला निघाले.

गाडी वेगात नीट पळायची, हळू केली की बंद पडायची. आणि त्या रस्त्यावर ब्रेकरांना काय तोटा. दर ब्रेकरला सुरेखा "अहो, जल्दी करा" म्हणायची आणि धर्मराज किल्ली फिरवायचा. अर्ध्या वाटेत गाडी चालू होऊन लगेच मरू लागली, तेव्हा त्याने ती कशीबशी एका गॅरेजला लावली.

तिथल्या राजानंद मेकॅनिकने टिकली उचकटली, दिव्याकडे पाहिलं, मग धर्मराजकडे पाहिलं. रबरी नळी कुठेतरी फाटलीय, इंजिन तिथून जादा हवा ओढतंय, असं तो म्हणाला. सूं आवाज येतो, तो ऐकूनच जागा सापडते. धर्मराजला रेस दाबून ठेवायला सांगून, कानाला पाइपचा तुकडा लावून तो वाकला. पण मागच्या सीटवर आत्याचा हंबरडा चालूच होता.

"मावशी, दोन मिनिटं रडू नका," राजानंद अदबीने म्हणाला. "हवा कुठून जाऊन राह्यली, कळून न्हाई राह्यलं."

आत्याने तोंडात पदर कोंबला. नळी सापडली. फाटलेलं टोक कापून त्याने ती पुन्हा बसवली, पण मंठ्यात पोचेपर्यंत साडेबारा झाले होते. अंगण रिकामं होतं.

"नेलं की बाई शेताकडं," शेजारची चांगुणाबाई म्हणाली.

सुरेखा रडली नाही. तिने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा मेचं ऊन बरं होतं.

शेताच्या वाटेवर गर्दी थांबलेली होती. मधोमध बद्रीनाथचा टेम्पो बंद पडलेला आणि मागे हौद्यात अण्णा. माणसांच्या चालीने चालवायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार. बद्रीनाथ घामाघूम होऊन पुढे आला.

"दाजी, हळू केला की मरून राह्यला. टिकली तर लावेल हाय."

धर्मराजने मान खाली घातली. बद्रीनाथला टेम्पो चालू करून रेस दाबून ठेवायला सांगितलं, कुणाकडून तरी पाइपचा तुकडा मागून घेतला आणि हात जोडून सगळ्यांना दोन मिनिटं न रडण्याची विनंती केली. लोक चिडीचूप झाले. तेवढ्यात सुरेखा हौद्यात चढली. अण्णांच्या तोंडावरचा टॉवेल बाजूला करून ती त्यांच्या गालावर हात ठेवून बसली.

"सापडली," धर्मराज म्हणाला. "पाच मिनिटात होतंय."

"अहो," सुरेखा म्हणाली, "आता जल्दी नका करू."