आवाज न करणारं गिरमिट

कालेर्वोचा उजवा खांदा या हिवाळ्यात संपावर गेला. मासे धरायला गोठलेल्या तळ्यात भोक पाडताना हाताने फिरवायचं गिरमिट बर्फात अर्धं उतरलं, की अशी कळ निघे की तळ्यावर एकटा असूनही तो आधी इकडेतिकडे बघून घ्यायचा आणि मगच कण्हायचा. त्याची बायको माइरे म्हणाली, "अहो, मोटरचं घ्या, नाहीतर घरी बसा." घरी बसणं अशक्य होतं. मोटरचं घेणंही सोपं नव्हतं, कारण माइरेचा धाकटा भाऊ ताइस्तो गावभर सांगत फिरायचा की ज्याला भोक पाडायला मोटर लागते त्याने मासे दुकानातून आणावेत.

खरी भीती मात्र वेगळीच होती. पडक्या होडीघरासमोर कालेर्वोची एक जागा होती. तिथे तळहातात न मावणारे पर्च मासे लागत, आणि ही गोष्ट त्याने जन्मात कुणाला, अगदी माइरेलाही, सांगितली नव्हती. कुणी विचारलंच तर तो म्हणे, "होडीघराकडे? तिकडे नुसता चिखल आहे." ही जागा फुटली तर जगण्यात काही राम उरणार नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

दुकानदाराने आधी पेट्रोलचं गिरमिट काढलं आणि दोरी ओढली. खिडक्यांची तावदानं थरथरली. कालेर्वोने तो आवाज मनातल्या मनात पलीकडच्या काठापर्यंत नेऊन पाहिला आणि मान हलवली. मग पिवळ्या रंगाचं, बॅटरीवर चालणारं निघालं. बर्फ किती जाड, पाणी किती खोल, मासे कुठले, असं दुकानदार विचारू लागला. प्रश्न साधेच होते, पण कालेर्वोला ती उलटतपासणी वाटली. त्याने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, मध्यम.

"मासेसुद्धा मध्यम?"

"मित्रासाठी घेतोय. त्याला आवाज नको, एवढंच."

"इथे सगळे मित्रासाठीच घेतात," दुकानदार म्हणाला. त्याने सोबत एक नारिंगी तबकडी दिली. ती गिरमिटाला बसवली की ते भोकातून खाली जात नाही म्हणे.

कालेर्वोने तबकडी घरीच ठेवली. एवढा नारिंगी रंग पार गावातल्या चर्चपर्यंत दिसला असता. थंडीत बॅटरी मान टाकू नये म्हणून ती बनियनच्या आत पोटाशी धरून, दाट धुकं बघून तो निघाला. गिरमिट कुरकुर न करता बर्फात उतरलं. खांदा दुखला नाही. त्याला इतकं भरून आलं की गरज नसताना त्याने आणखी चारपाच भोकं पाडली. शेवटच्या भोकात गिरमिट तसंच उभं सोडून तो कॉफी ओतायला वळला, तेवढ्यात मागे डुबुक असा आवाज झाला.

तो बराच वेळ भोकाकडे बघत राहिला. मग कॉफी प्यायला, कारण ती ओतून झाली होती.

माइरेने त्याला बोलूच दिलं नाही, सरळ भावाला फोन लावला. ताइस्तोकडे जाड लोहचुंबक होतं, तळ्यात पडलेल्या चाकू-किल्ल्या तो त्याने काढून देई. दुसऱ्या दिवशी तो आला. आश्चर्य म्हणजे मोटरवरून त्याने एकही टोमणा मारला नाही.

"होतं असं, दाजी. फक्त जागा सांगा."

नेमकी तीच सांगता येईना. कालेर्वोने ठरवलं, कुठलीतरी भलतीच जागा दाखवायची, काही सापडलं नाही की हळहळायचं, आणि चुंबक उसनं मागून घ्यायचं. "लव्हाळ्याच्या कोपऱ्यात," तो म्हणाला. तिथे माशाचं पिल्लूही नाही, असं खुद्द ताइस्तोच वर्षानुवर्षं सांगत आला होता.

ताइस्तोचा चेहरा पडला. "तिकडे कशाला गेलात? तिकडे काही नसतं."

"म्हणूनच. फक्त चालतंय का बघायचं होतं."

रात्री पडलेल्या बर्फाने सगळं सारखं केलं होतं. कालेर्वोने हवेत बोट फिरवून "इथे कुठेतरी" म्हटलं. ताइस्तोने नाइलाजाने भोक पाडून चुंबक सोडलं. ते लगेच कशाला तरी चिकटलं. दोघांनी ओढून वर काढलं, तर पेट्रोलचं लालभडक गिरमिट, अंगभर शेवाळ आणि मुठीत बसलेली गोगलगाय.

"हेच ना?" ताइस्तोने विचारलं.

नाही म्हणावं तर शोध चालू राहणार. "हेच," कालेर्वो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "कालच पडलं, आणि शेवाळ बघ किती."

"या तळ्यात लवकर धरतं." ताइस्तो बाहीने मूठ पुसत होता, आजारी वासराला कुरवाळावं तशी. "दोरी जरा तिरकी ओढा, म्हणजे पटकन सुरू होईल. असं लोक म्हणतात."

आता कुठे कालेर्वोच्या डोक्यात प्रकाश पडला, की हे ताइस्तोचंच गिरमिट होतं. पण "हेच" म्हणून झालं होतं. त्याने ते गिरमिट घरी नेलं, वाळवलं, तेल घातलं. ते सुरू झालं तेव्हा शेजाऱ्याचा कुत्रा पलंगाखाली गेला. असला गोंगाट घेऊन होडीघराकडे जाणं म्हणजे दवंडी पिटणं होतं. त्यामुळे रविवारी तो मुकाट्याने लव्हाळ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला, आणि पहिल्याच गळाला असा पर्च लागला की तो भोकातून तिरका करून काढावा लागला. मग दुसरा, मग तिसरा.

दुपारी धुकं विरलं. होडीघरासमोर कुणीतरी बसलं होतं. जागेवरून हुसकावला गेलेला ताइस्तो बिचारा तळ्यात दुसरीकडे जाणार तरी कुठे? उठून तो नवं भोक पाडू लागला, अजिबात आवाज न करता, पिवळ्या गिरमिटाने. ते त्याला कसं सापडलं हे विचारायची सोय नव्हती. कालेर्वो तिकडे जायला अर्धा उठला. तेवढ्यात त्याचा गळ पुन्हा हलला.

अंधारायच्या सुमारास दोघे काठावर भेटले.

"काही लागलं का, दाजी?"

"छे. तू म्हणायचास तेच खरं, माशाचं पिल्लू नाही. तुला?"

"नुसता चिखल."

मग दोघांनी एकमेकांच्या पिशव्या घसरगाडीवर चढवायला हात लावला, कारण त्या एकट्याला उचलवत नव्हत्या.