कडुबा आमचा नोकर नाही

विश्वजीतनं दोन नवे ट्रक घेतले आणि ड्रायव्हर, क्लीनर, हमाल धरून त्याच्या ट्रान्सपोर्टमधली माणसं विसाच्या पुढं गेली. आता सगळ्यांचा पीएफ भरावा लागेल, असं त्याच्या कर सल्लागार सोनिया मॅडमनी सांगितलं. विश्वजीतनं मान डोलावली आणि निघता निघता सहज एक प्रश्न विचारला. माणूस मुळातच चौकस. (त्याची बायको तनुजा या स्वभावाला दुसरा शब्द वापरायची.)

"मॅडम, ड्रायव्हर नोकर नसून कंत्राटदार असला तर?"

"तर गोष्ट वेगळी. पण नुसतं म्हणून चालत नाही. कामावर कधी यायचं ते तो ठरवतो का? काम नाकारू शकतो का? स्वतःच्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो का? चौकशीला आलेला माणूस हेच विचारतो."

मॅडमना वाटलं, विषय संपला. विश्वजीतला वाटलं, पेपर फुटला.

सुरुवात कडुबापासून करायचं त्यानं ठरवलं. कडुबा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. तनुजाचं माहेरचं कपाटसुद्धा त्यानंच ट्रकमधून आणलेलं. चिकलठाण्यातल्या घराच्या पुढच्या खोलीतच ऑफिस असल्यामुळं माल उतरवून आला की तो घरातला गॅस बदलायचा, नळ बघायचा, आणि मग जेवायला बसायचा.

"कडुबा, आजपासून तू नोकर नाहीस."

कडुबानं हातातला चहा खाली ठेवला. "काय चुकलं का मालक?"

"चुकलं नाही. तू आता कंत्राटदार. वाटलं तर यायचं, नाही वाटलं तर नाही."

"मंग गाडी कोण नेईल?"

"तूच."

"मंग बदललं काय?"

(हा प्रश्न मॅडमच्या यादीत नव्हता.) "ते कायद्याचं आहे," विश्वजीत म्हणाला.

"बरं. उद्या कधी येऊ?"

"ते मला विचारायचं नाही."

"मंग सातला येतो."

"सहाला लोडिंग आहे."

"मंग सहाला येतो."

"बघ, तुझं तूच ठरवलंस," विश्वजीत समाधानानं म्हणाला.

त्यानं तनुजाचीही तयारी करून घ्यायला घेतली. समजा फोन आला, कडुबा तुमच्याकडं कामाला आहे का, तर काय सांगशील? "सकाळपासून गच्चीवर टाकी धुतोय, असं सांगेन," तनुजा म्हणाली. त्या दिवसापासून विश्वजीतनं ऑफिसचा फोन स्वतःच्या खिशात ठेवला.

फोन आला तेव्हा तो जेवत होता. आवाज अनोळखी, वयस्कर, जरा दबका.

"कडुबाची चौकशी करायची व्हती. तुमच्याकडंच नोकरीला हाय ना त्यो?"

चौकशी हा शब्द ऐकून विश्वजीत ताठ बसला. "नोकरीला? अजिबात नाही."

"आसं? त्यो तर म्हणला..."

"म्हणू द्या. मनाला आलं तर येतो, नाही आला तर आम्ही विचारत नाही. काम सांगितलं तर नाही म्हणतो. कधी स्वतः न येता दुसऱ्यालाच पाठवून देतो."

"आन् पगार?"

"पगार कसला? आमचा त्याच्यावर काडीचा ताबा नाही."

पलीकडचा आवाज म्हणाला, "लई उपकार झाले तुमचे. येळेवर कळलं."

विश्वजीतनं आणखी एक भाकरी मागून घेतली. सरकारी माणूस उपकार कशाला म्हणेल, एवढंच एक कुतूहल त्याच्या मनात राहिलं.

संध्याकाळी कडुबा आला आणि आत न येता पायरीवरच बसला. पोरीची, रूपालीची, कन्नडला सोयरीक ठरत आली होती. मुलाचे वडील आप्पासाहेब आज एकदम नाही म्हणाले होते.

"त्यांना कुणीतरी सांगितलं मालक, मी उनाड माणूस हाय म्हणून. पोरगी दुपारपासून जेवली नाय. आन् मी तर तुमचाच नंबर दिला व्हता. म्हणलं, आपल्याबद्दल चांगलं बोलणारं दुसरं कोण हाय."

तनुजानं नवऱ्याकडं पाहिलं. विश्वजीतनं विचारलं, "कन्नडला घर कुठं आहे त्यांचं?"

दुसऱ्या दिवशी तनुजाही त्याच्याबरोबर गाडीतून कन्नडला आली. विश्वजीत आप्पासाहेबांच्या ओसरीवर बसला आणि नोकर कोण, कंत्राटदार कोण, हे त्यानं घाम पुसत पुसत समजावलं. आप्पासाहेबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजी नोकरीला हाय, पण तुम्ही नाय म्हणत व्हता?"

"हो."

"कशापायी?"

"पीएफ वाचवायला," विश्वजीत म्हणाला. असं मोठ्यानं म्हटल्यावर ते फारच बारकं वाटलं. "आप्पासाहेब, कडुबाला नाही म्हणता येत नाही. अंगात ताप असताना घाटातून माल घेऊन आलाय तो. मी सांगितलेलं सगळं खोटं होतं."

"आता भरणार आहेत," तनुजा म्हणाली. "सगळ्यांचा."

विश्वजीतला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो हो म्हणाला.

आप्पासाहेबांचा चेहरा खुलला. "पीएफची नोकरी म्हंजी पक्की नोकरी. मंग आमची काय हरकत नाय." त्यांनी आत पोह्यांचा हुकूम सोडला, तिथूनच कडुबाला फोन लावला, आणि मग मोकळं होऊन गप्पांना बसले.

"आन् तुम्ही कुठं नोकरीला?"

"मी नाही. माझा स्वतःचा ट्रान्सपोर्ट आहे."

"म्हंजी तुम्हाला पीएफ?"

"नाही."

"पगार तरी?"

"ठरलेला असा नाही. उरलं तर."

आप्पासाहेबांनी पोह्यांची बशी हळूच तनुजापुढं सरकवली.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या लग्नाच्या येळी कुणी चौकशी नव्हती का केली?"