फिलूसाठी पाच स्टेक

लिफ्ट बाविसाव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, तरी पास्कलभाऊ लगेच बाहेर पडत नाहीत. मनात पाच आकडे मोजतात आणि मग पाऊल टाकतात. पहिल्यांदा मला वाटलं, गुडघे दुखत असतील. विचारलं, तर म्हणाले, "गुडघे एकदम फर्स्ट क्लास, मास्तर. पण ही बावीस मजले चढून आलीय. तिला जरा रेस्ट द्यायला नको?" तोवर दार मिटायला लागलेलं असतं, आणि रेस्ट मिळालेली लिफ्ट आम्हा दोघांना घेऊन पुन्हा खाली जाते.

पास्कल रुमाव मूळचे वसईचे. दुबईला लागून असलेल्या अल मजाजमधल्या आमच्या इमारतीत, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, एका मल्याळी कुटुंबाकडे एक खोली भाड्याने घेऊन राहतात. दुबईच्या एका मोठ्या हॉटेलात तीस वर्षं आधी वेटर, मग कॅप्टन. मी शाळेत ग्रंथपाल आहे, कुणाला काहीही शिकवत नाही. पण चष्मा आणि हातातलं पुस्तक बघून त्यांनी पहिल्याच दिवशी मला मास्तर करून टाकलं.

रेस्टचं हे तत्त्वज्ञान स्टेकमधून, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जाड कापातून, आलेलं. "तव्यावरून उतरवला आणि लगेच सुरी लावली, की खलास. सगळा रस प्लेटमध्ये. सात मिनिटं तसाच ठेवायचा. हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही. मग कापा. लोणी!" स्टेकला लागू पडणारा हा नियम पास्कलभाऊंनी हळूहळू सगळ्या सृष्टीला लावला. चहा ओतला की सात मिनिटं. फोन ठेवला की सात मिनिटं. एकदा खाली पार्किंगच्या जागेवरून दोन धिप्पाड माणसं एकमेकांच्या अंगावर जायला निघाली होती. पास्कलभाऊ भाजीची पिशवी घेऊन मधे शिरले आणि घड्याळ दाखवत म्हणाले, "हबीबी, सेव्हन मिनिट्स." दोघंही इतके चक्रावले की भांडण कशावरून होतं तेच विसरले.

माझी बायको सुनंदा गेली तेव्हाही ते आले होते. भेटायला आलेले सगळे काही ना काही बोलत होते. पास्कलभाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. खूप वेळाने उठले, माझ्या खांद्याला हात लावला आणि गेले. त्या दिवशी कोण काय बोललं ते मला आठवत नाही. ती खुर्ची आठवते.

हॉटेलातलं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना तोंडपाठ. "बारा नंबरवर बसणारा डॉक्टर, इजिप्तचा. मीडियम, म्हणजे आत गुलाबी, मिरी वेगळ्या वाटीत. खिडकीजवळची रशियन म्हातारी, तिची चरबी काढायची नाही, काढली तर ती आपली चरबी काढते." आचाऱ्यांबद्दल मात्र त्यांना फारसा आदर नाही. "शेफ लोकांना काय कळतं, मास्तर? ते भिंतीकडे तोंड करून उभे. खाणाऱ्याचा चेहरा बघतो कोण? आम्ही!"

एवढं सगळं असून त्यांनी जन्मात कधी स्टेक शिजवला नव्हता, हे मला गेल्या डिसेंबरात कळलं.

पास्कलभाऊंचं लग्न नाताळ आणि नवीन वर्ष यांच्यामधल्या आठवड्यातलं. तिकडे वसईत लग्नाचा मोसम आणि इकडे हॉटेलचा. त्या आठवड्यात रजा मागणं म्हणजे नोकरी सोडणंच. त्यामुळे लग्नाचा एकही वाढदिवस त्यांनी बायकोबरोबर काढलेला नाही. फिलोमिना, म्हणजे फिलू, गावी. हे दर जूनमध्ये महिनाभर घरी. बाकी सगळा संसार फोनवर. "त्या दिवशी ती विचारणार, आज काय वाढलंत लोकांना? मी सांगणार, स्टेक. एकदा म्हणाली, असतो तरी कसा तो? मी म्हटलं, मऊ. दुसरं काय सांगणार?"

गेल्या वर्षी साठी झाल्यावर त्यांना नव्या पोरांच्या ट्रेनिंगवर टाकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या आठवड्यात सुट्टी मिळाली. मल्याळी कुटुंब नाताळाला गावी चाललं होतं, किचन मोकळं. फिलूचा व्हिजिट व्हिसा आला. पास्कलभाऊंनी जाहीर केलं, "मास्तर, तीस वर्षं दुसऱ्यांच्या बायकांना वाढलं. या वर्षी स्वतःच्या बायकोला. स्वतःच्या हाताने करून."

मग सराव सुरू झाला. मी शाकाहारी, म्हणून माझी नेमणूक घड्याळावर.

पहिल्या खेपेला त्यांनी कच्च्या पपईचा गर वापरला. मटण शिजेना की त्यांच्या आईने वाटणात पपई घालायची, ते लहानपणापासून बघितलेलं. "हे हॉटेलवाल्यांना माहीतच नाही," असं म्हणून त्यांनी चांगल्या टेंडरलॉइनला, म्हणजे सगळ्यात मऊ मांसाला, रात्रभर पपईत झोपवलं. सकाळी चिमट्याने उचलायला गेले, तर चिमट्यात चिमटीएवढंच आलं. बाकीचं भांड्यातच राहिलं, पिठल्यासारखं. तरी तव्यावर ओतलं, सात मिनिटं रेस्टही दिली. रेस्टमध्ये ते आणखी पसरलं. तीन दिवस पास्कलभाऊ खुबूसच्या रोटीला तो खिमा लावून खात होते.

दुसऱ्या खेपेला तवा लाल होईपर्यंत तापवला. धुराने अलार्म वाजला. संध्याकाळी साडेसहाला आख्खी इमारत जिन्याने खाली उतरली. कुणी नाइट ड्रेसमध्ये, कुणी डोक्याला मेंदी लावलेली, एक आजी पोळपाट हातात घेऊन. पेशावरचा वॉचमन पास्कलभाऊंसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "भाईजान, ऐसा क्या पका रहे थे?"

"मीडियम रेअर," पास्कलभाऊ अदबीने म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "किती झाली, मास्तर?"

"अकरा मिनिटं."

"चार जास्त झाली," ते हळहळले.

चौथ्या-पाचव्या खेपेला जमायला लागलं. मांस आधी फ्रिजबाहेर काढून ठेवायचं, कापडाने कोरडं टिपायचं, खिडकी उघडी, लोणी शेवटी, आणि मांसाच्या रेषांना आडवं कापायचं. घास तोंडात घेऊन पास्कलभाऊंनी डोळे मिटले. मी समजलो.

पण फिलू यायच्या दोन दिवस आधी त्यांनी माझी बेल वाजवली. चेहरा पडलेला.

"मास्तर, एक प्रॉब्लेम आहे. तिला कसा आवडेल? रेअर, मीडियम, की वेल डन?"

"विचारा की फोनवर."

"काय विचारू? लग्नाला तीस वर्षं झाली, आता विचारू की बाई, तुला काय आवडतं?" ते दारातच उभे होते. "घरी गेलो की ती माझ्या आवडीचं करते. मला वाढते. मी जेवून उठलो की मग आत बसते. मी तिचं ताट कधी बघितलेलंच नाही. त्या रशियन म्हातारीचं मला सगळं माहितीय, मास्तर."

सुनंदाला साखर घातलेली साय आवडायची. बशी चाटून पुसून ठेवायची. हे मला माहीत होतं, पण मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी स्वतःच तोड काढली. पाच स्टेक करायचे. कच्च्यापासून खरपूस करपलेल्यापर्यंत, एकेक पायरी. "बुफे!" ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

लग्नाच्या वाढदिवसाच्या संध्याकाळी त्यांनी मलाही जेवायला बोलावलं. टेबलावर पांढरं कापड, इस्त्रीच्या घड्या तशाच. माझ्यासाठी फ्लॉवरचा जाड काप लोण्यावर भाजलेला, त्यालाही रेस्ट चालू. फिलू ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची बाई. एसीमुळे साडीवर स्वेटर घालून ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, कुणी ऊठ म्हणेल अशी. पास्कलभाऊ काळी पँट, पांढरा शर्ट घालून तिच्या मागे, एक हात पाठीशी.

पहिला तुकडा कापला. ती आतला लाल रंग बघत राहिली. "गॅस संपला का?"

"तसाच असतो तो. लोक मागून घेतात."

"लोकांचं जाऊ द्या. हा अजून हंबरतोय." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही सुटलात हो, भाऊ." तरी तिने तो खाल्ला. दुसरा खाल्ला. प्रत्येक घासाला पास्कलभाऊ वाकून तिच्या चेहऱ्याकडे बघायचे.

"तुम्ही बसा ना," ती म्हणाली.

"बसतो, बसतो. तिसरा आणतो."

पाचही झाले. पास्कलभाऊंनी घसा साफ केला. "फिलू, खरं सांग. कुठला?"

परीक्षेतल्या मुलीसारखी तिने पाचही प्लेट्सवरून नजर फिरवली. "सगळे मऊ होते हो."

"एक सांग."

"तुम्हाला कुठला बरा वाटतो?"

"माझं सोड. तुझं सांग."

"चांगलेच होते सगळे," ती पुटपुटली. पास्कलभाऊंनी मान हलवली, रिकाम्या प्लेट्स हातावर रचल्या, तीस वर्षं रचत आले तशा, आणि आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"काय करतायत आत?" फिलू उठली. तिच्या मागून मलाही दिसलं. पास्कलभाऊ ओट्याशी उभे होते. प्लेटमध्ये नीट दिसावेत म्हणून स्टेकच्या कडा कापून काढलेल्या, तव्याला चिकटून काळ्या झालेल्या. त्या ते चमच्याने खरवडून खात होते.

"हे काय?"

ते दचकले. "हे वाढायचं नसतं. हे आमचं. स्टाफचं."

फिलूने त्यांच्या हातातला चमचा घेतला, एक तुकडा तोंडात टाकला. चावला. पुन्हा एक घेतला.

"हे," ती म्हणाली. "मला हे आवडतं. तळाचं, लागलेलं. तुम्ही जेवून उठलात की मी हेच तर खाते, पातेलं घेऊन बसते."

पास्कलभाऊंनी तवा तिच्याकडे सरकवला.

"मला पण हेच," ते म्हणाले.

"मग सरका की जरा. दोन चमचे आणा."

दोघं ओट्याला टेकून, तव्यावर वाकून, उभ्यानेच खायला लागले. मग त्यांची वसईची बोली सुरू झाली, भराभर. मला त्यातलं अर्धंच कळत होतं. मधेच दोघं हसले. टेबलावर मी एकटा होतो. मी उठलो, माझा फ्लॉवर प्लेटसकट उचलला आणि दार हळूच ओढून घेऊन घरी आलो.