पहिलीच्या वर्गातले कंडक्टर अप्पा

हळ्ळीखेडला आमच्या शाळेच्या भिंतीला लागून राहणारे कंडक्टर अप्पा स्वतःच्या घरातून बाहेर पडतानाही आधी दोनदा शिट्टी वाजवतात. घरात दुसरं कुणी नाही, दारात गाडी नाही. तरी दोन शिट्ट्या झाल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.

नाव शरणप्पा. हुमनाबाद-बीदर मार्गावर पस्तीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टर होते. रिटायर झाले, पण गाडीतून उतरले नाहीत. लग्नाच्या पंगतीत "मुंद बर्री, मुंद बर्री", म्हणजे पुढं सरका, असं म्हणत दाटीवाटीनं बसलेल्यांत आणखी चार माणसं बसवतात. एकदा स्वामीजींचं प्रवचन चालू असताना उठून मंडपातली डोकी मोजून आले आणि माझ्या कानात गंभीरपणे म्हणाले, "दोन जास्त हायेत."

मी शाळेत पहिलीला शिकवते. त्या वर्षी माझ्या वर्गात दीक्षा आली. सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि दात फार धारदार. शाळेची घंटा झाली की ती कानांवर हात दाबून किंचाळायची आणि पळायची. धरायला गेलं की चावायची. पहिल्या महिन्यात माझं मनगट, स्वयंपाकाच्या अक्कांचा अंगठा आणि हेडमास्तरांची पँट एवढ्यांना तिचे दात लागले. बाकीच्या पोरांचे आईबाप तक्रारी घेऊन येऊ लागले. हेडमास्तर माणूस वाईट नव्हते, पण थकले होते. दसऱ्यापर्यंत सुधारली नाही तर आईनं तिला घरीच ठेवावं, असं त्यांनी सांगून टाकलं. आई दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जायची. ती नुसती पोरीच्या वेण्या चाचपत उभी राहिली.

एक दिवस दीक्षा पळाली ती थेट अप्पांच्या कट्ट्यावर. मी धापा टाकत मागे गेले, तर अप्पा तिच्यापासून चार हात लांब बसून तिला सांगत होते, की आता पुढचा स्टॉप लिंबाचं झाड, मग पाण्याची टाकी, मग वर्ग. आणि तिच्याकडे न बघता चालायला लागले. लिंबापाशी थांबले. टाकीपाशी थांबले. दीक्षा मागोमाग येऊन आपल्या जागेवर बसली. मी बघतच राहिले.

"टीचर," अप्पा म्हणाले, "पोर वाईट न्हाई. हिला पुढचा स्टॉप ठावं न्हाई. ज्याला उतरायचं कुठं ते ठावं नसतं, तो प्याशिंजर घाबरून दारातच उभा राहतोय. आन् तुमी त्याच्यावर कामून वरडायलाव?"

दुसऱ्या दिवसापासून अप्पा माझ्या वर्गात शेवटच्या ओळीत. हेडमास्तरांची परवानगी त्यांनी काढली की हेडमास्तरांनाच पुढं सरकवलं, मला माहीत नाही. त्यांनी पुठ्ठ्यावर मार्गफलक केला. दप्तर, बाराखडी, पाणी, बेरीज, जेवण, घर. प्रत्येक स्टॉपला चित्र. त्यांचं जेवणाचं ताट बैलगाडीच्या चाकासारखं दिसायचं, पण दीक्षाला कळायचं. प्रत्येक बदलाच्या आधी तिच्याजवळ जाऊन हळूच सांगायचे, थोड्या वेळात बेरीज येणार, तयारीत राहा. आणि ती खरंच तयारीत राहायची.

बाकीची पोरं काय मागं राहणार? आठवड्यात अख्खा वर्ग बस झाला. लघवीला जायचं तर "अप्पा, होल्डान", म्हणजे गाडी थांबवा. उशिरा येणारा दारातूनच विचारायचा, जागा हाय का. तालुक्याचे साहेब तपासणीला आले आणि दारात थबकले, तर अप्पांनी सवयीनं सांगितलं, "दारात उभं ऱ्हाऊ नका, मधे लई जागा हाय." साहेब मुकाट्यानं आत येऊन पोरांच्या बाकावर बसले. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

मग अप्पांच्या डोक्यात आलं, की घंटेची भीती जायची तर घंटा दीक्षानंच वाजवावी. आवाज आपल्याच हातात असला की दचकायला होत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी दीक्षानं जेवणाची घंटा तासभर आधी वाजवली. वरच्या वर्गांतली पोरं ताटं घेऊन धावली. चुलीवर भात शिजायचा होता. अक्का पळी घेऊन दारात आडव्या उभ्या राहिल्या, आणि दीक्षा घंटेखाली उभी राहून खदाखदा हसत होती. तिला हसताना आम्ही पहिल्यांदा बघितलं. रागवायचं राहूनच गेलं.

सगळं सरळ झालं असं नाही. एका सकाळी तिनं तो मार्गफलक टराटरा फाडला आणि दाराशी जाऊन लोळली. मी रडकुंडीला आले. अप्पा शांतपणे दुसरा पुठ्ठा शोधू लागले. म्हणाले, टायर फुटलं म्हणून बसला कुणी मारतंय का?

दसरा आला, गेला. तिला घरी ठेवायचं कुणी बोललं नाही. संक्रांतीपर्यंत चावणं थांबलं. पळणं राहिलं, पण टाकीपर्यंतच.

फेब्रुवारीत अप्पा दोन दिवस आले नाहीत. ताप होता. शाळा सुटल्यावर दीक्षाच्या आईला विचारून मी तिला त्यांच्याकडे घेऊन गेले. एकच खोली, एक बाज, दोरीवर दोन सदरे. भिंतीवर शाळेच्या गणवेशातल्या एका पोराचा जुना फोटो होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, माझा मल्लू. तोही असाच पळायचा, चावायचा. दिवसभर गाडीत अनोळखी माणसांशी गोड बोलून मी घरी यायचो आणि त्याला पट्ट्यानं मारायचो. चौथीत शाळा सुटली. आता उदगीरला गॅरेजात असतो म्हणतात. अकरा वर्षं झाली, आला नाही.

दीक्षा केळं खाता खाता बाजेवर चढली होती. आता तिची मान अप्पांच्या दंडावर कलली. कुणालाही अंगाला हात लावू न देणारी पोर गाढ झोपली.

मी तिला उचलायला उठले, तर अप्पांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. खोकला आला होता, तो त्यांनी गिळला. दंड हलू दिला नाही. बऱ्याच वेळानं, अगदी हळू म्हणाले, "मल्लू बी असाच झोपायचा, टीचर. मी उठवायचो."